अमेरिकन कपाशी, तिचा तंतू आणि महाराष्ट्राची काळी जमीन

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, वाळकी नदीच्या खोऱ्यात कोळवण हे गाव वसले आहे. सह्याद्रीच्या माथ्यापासून हे खोरे फारसे दूर नाही. त्यामुळे आषाढ-श्रावणात येथे पावसाची झड लागते, आणि बांध घालून अडविलेल्या पाण्यात भाताची खाचरे उभी राहतात. कापसाचे पीक या भागाचे नव्हे. तथापि अंगावरच्या वस्त्रापासून देवापुढील वातीपर्यंत कापसावाचून तेथील एकाही घराचे चालत नाही. हा कापूस येतो तो सह्याद्रीपासून दूर पूर्वेकडील व उत्तरेकडील प्रदेशांतून, म्हणजे खानदेश, मराठवाडा आणि वऱ्हाड येथून. जे झाड कोळवणच्या खोऱ्यात पिकू शकत नाही, ते यवतमाळ-अकोल्याच्या मातीत लाखो हेक्टरांवर का पिकते, या प्रश्नापासून आरंभ केला असता कपाशीचा स्वभाव चटकन ध्यानात येतो.

भाताच्या मुळांना साचलेले पाणी हवे असते. कपाशीच्या मुळांना हवा हवी असते. दोन-तीन दिवस शेतात पाणी तुंबून राहिले, की कपाशीची पाने पिवळी पडतात, आणि पाती व कोवळी बोंडे गळू लागतात. सतत ढगाळ हवा असली तरी हाच परिणाम होतो, कारण पुरेशा उन्हाअभावी झाडाला आपल्या सर्व बोंडांचे पोषण करता येत नाही. पुढे बोंड फुटण्याच्या वेळी तर कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन यांची नितांत गरज असते. उमललेल्या कापसावर पाऊस पडला, तर तो काळवंडतो आणि त्याचा भाव उतरतो. साधारणतः ५०० ते १,००० मिलिमीटर पाऊस, तोही नीट वाटून पडलेला, आणि ऑक्टोबरनंतर निरभ्र आकाश, अशी या झाडाची मागणी आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत ती पुरी होते. त्यातून तेथील काळी, भेगाळणारी, ओल धरून ठेवणारी जमीन कपाशीला इतकी मानवते, की ‘कापसाची काळी जमीन’ हेच तिचे नाव भूगोलाच्या पुस्तकांतून रूढ झाले. घाटमाथ्यालगतच्या गावांत कपाशी आढळलीच तर ती अंगणातल्या किंवा देवळाशेजारच्या एखाद्या देवकापशीच्या झाडाच्या रूपाने. ते बहुवर्षायु झाड वाती आणि जानवी यांपुरता कापूस देते. पीक म्हणून त्याची गणना होत नाही.

महाराष्ट्रात आज सुमारे ४० लाख हेक्टर जमीन कपाशीखाली असते, आणि त्यातील फार मोठा भाग कोरडवाहू आहे. या क्षेत्रात उभी असलेली बहुतेक सर्व कपाशी गॉसिपियम हिर्सूटम या जातीची, म्हणजे मूळची मध्य अमेरिकेतील आहे. जगात पिकणाऱ्या कापसापैकी सुमारे ९० टक्के कापूस याच एका जातीचा असतो. पण महाराष्ट्रापुरते पाहिले, तर ही पाहुणी घरची मालकीण झाली ती अगदी अलीकडे. भारत स्वतंत्र झाला त्या वेळी देशातील कपाशीच्या क्षेत्रापैकी जवळजवळ ९७ टक्के क्षेत्र देशी जातींचे होते.

चार जाती, दोन कुळे

गॉसिपियम या प्रजातीत सुमारे ५० जाती मोडतात. त्यांपैकी चारच जातींची माणसाने लागवड केली. गॉसिपियम आर्बोरियम आणि गॉसिपियम हर्बेशियम या दोन जुन्या जगातील. आपण ज्यांना देशी कपाशी म्हणतो त्या याच. गॉसिपियम हिर्सूटम आणि गॉसिपियम बार्बाडेन्स या दोन नव्या जगातील. पहिल्या जोडीच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, तर दुसऱ्या जोडीच्या पेशीत ५२. हा फरक नुसता संख्येचा नाही. १९३४ साली स्कोवस्टेड यांनी असे दाखवून दिले, की अमेरिकन कपाशीच्या ५२ गुणसूत्रांपैकी निम्मी आकाराने मोठी असून ती जुन्या जगातील जातींशी जुळतात, आणि उरलेली निम्मी लहान असून ती अमेरिकेतील रानटी जातींशी जुळतात. १९४० साली बीस्ली यांनी आशियाई व अमेरिकन रानटी जातींचा संकर करून आणि त्याची गुणसूत्रे दुप्पट करून हे अनुमान प्रयोगाने सिद्ध केले.

म्हणजे हिर्सूटम ही मुळात दोन खंडांतील झाडांच्या संयोगातून निपजलेली जात होय. हा संयोग दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी, माणसाच्या हातापासून सर्वस्वी अलिप्त असा, निसर्गात घडला. आजच्या मतानुसार त्यातील एक पूर्वज हर्बेशियम-आर्बोरियम यांच्या कुळातला आणि दुसरा पेरूमधील गॉसिपियम रायमोंडाय या रानटी जातीच्या जवळचा होता. यातील चमत्कार असा, की रायमोंडायच्या बियांवर सूत कातण्याजोगा तंतू मुळी नसतोच. तंतू देणारा एक पूर्वज व न देणारा दुसरा, यांच्या संकरातून जी जात निर्माण झाली, तिचा तंतू मात्र तंतू देणाऱ्या पूर्वजापेक्षाही लांब निघाला.

शेतात उभ्या असलेल्या देशी व अमेरिकन पऱ्हाटीमधील भेद ओळखण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाही. देशी आर्बोरियमचे पान खोल चिरलेले, बोटांसारख्या अरुंद खंडांचे. अमेरिकन कपाशीचे पान रुंद, आणि तीन ते पाच खंडांत अर्ध्यापर्यंतच विभागलेले. देशीचे फूल बहुधा पिवळे व तळाशी जांभळा ठिपका असलेले. अमेरिकनचे दुधी रंगाचे, जे दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन कोमेजते. देशीचे बोंड लहान, तीन-चार कप्प्यांचे आणि खाली झुकलेले असते. त्यातून दोन-तीन ग्रॅम कापूस निघतो. अमेरिकनचे बोंड चार-पाच कप्प्यांचे आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट कापसाचे. देशी बोंड एकदा पुरते फुटले, की त्यातील कापूस लोंबतो व वाऱ्याने जमिनीवर पडतो. अमेरिकन बोंड आपला कापूस धरून ठेवते. वेचणाऱ्या स्त्रियांना हे भेद कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञापेक्षा चांगले ठाऊक असतात.

तंतूची घडण

कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. ही गोष्ट वारंवार सांगितली जाते, पण तिचा अर्थ पुरता मनात ठसत नाही. फूल उमलते त्याच दिवशी बीजांडाच्या बाह्यत्वचेतील काही पेशी फुगून वर उचलल्या जातात आणि लांबू लागतात. एका बीवर अशा दहा-पंधरा हजार किंवा त्याहूनही अधिक पेशी लांब तंतूंचे रूप घेतात. सुमारे तीन आठवडे त्यांची लांबी वाढत राहते. हिर्सूटमच्या सामान्य वाणांत हा तंतू २५ ते ३० मिलिमीटर लांब होतो, आणि त्याची जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपासच राहते. जाडीच्या हजारपटीहून अधिक लांब असलेली एक सलग पेशी, हा वनस्पतिसृष्टीतील एक असाधारण प्रकार आहे.

लांबी पुरी होत आली, की दुसरे काम सुरू होते. तंतूच्या पातळ भिंतीच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर बसू लागतात. दिवसाच्या व रात्रीच्या तापमानातील फरकामुळे हे थर झाडाच्या खोडातील वर्षवलयांसारखे एकावर एक ओळखू येतात. १९१९ साली लॉरेन्स बॉल्स यांनी तंतूंना फुगवून ही दैनंदिन वलये दाखविली. फूल उमलल्यापासून सुमारे ४५ ते ५० दिवसांनी बोंड पक्व होते. या वेळी तंतूच्या शुष्क वजनापैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग शुद्ध सेल्युलोजचा असतो. वनस्पतींच्या दुसऱ्या कोणत्याही भागात इतके निर्भेळ सेल्युलोज क्वचितच सापडते.

बोंड फुटले, की तंतूतील पाणी उडून जाते, त्याची नळी चपटी होते आणि ती स्वतःभोवती पीळ घेते. हा पीळ एकाच दिशेने जात नाही; काही अंतराने तो उलटतो. सूत कातता येते ते या पिळांमुळे. शेजारशेजारच्या तंतूंचे पीळ एकमेकांत अडकतात, आणि चरखा किंवा चाती त्यांना जो बाहेरचा पीळ देते तो त्यामुळे टिकून राहतो. शेवरीचा कापूस दिसण्यात अधिक मऊ व तकतकीत असतो, पण त्याच्या गुळगुळीत तंतूला असा पीळ नसल्याने त्याचे सूत निघत नाही. तो उशांतच भरावा लागतो.

तंतूच्या वाढीचे हे दोन टप्पे लक्षात ठेवणे पुढील विवेचनाच्या दृष्टीने अगत्याचे आहे. पहिल्या तीन आठवड्यांत झाडाला पाण्याची ओढ बसली, तर तंतू आखूड राहतो. नंतरच्या तीन-चार आठवड्यांत ओढ बसली, तर लांबी कायम राहते पण भिंत पातळ, म्हणजे तंतू अपक्व राहतो. अपक्व तंतू पिंजताना तुटतो, त्याच्या बारीक गुठळ्या होतात, आणि कापडावर रंग सारखा चढत नाही. गिरणीतील स्पिनिंग मास्तर ज्या दोषाबद्दल कापूस नाकारतो, त्याचे मूळ पुष्कळदा शेतातील ऑक्टोबरच्या कोरड्या पंधरवड्यात असते.

सुताची बारीकी ‘नंबरा’ने सांगण्याची पद्धत आहे. ८४० वार लांबीच्या जितक्या लडी एका पौंडात भरतील, तितका त्या सुताचा नंबर. चाळीस नंबरी सुताच्या एका पौंडात ३३,६०० वार धागा असतो. तंतू जितका लांब व बारीक, तितक्या वरच्या नंबराचे सूत यंत्रावर निघू शकते. येथे ‘यंत्रावर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हाताने कातणाऱ्यास तंतूची लांबी इतकी जाचक होत नाही. ढाक्याची जगप्रसिद्ध मलमल देशी आर्बोरियमच्याच एका प्रकारापासून निघत असे. तेव्हा देशी कापूस म्हणजे जाडाभरडा कापूस, हे समीकरण सरसकट खरे नाही.

देशी कपाशीचे प्राचीनत्व

मोहेंजोदडो येथे सापडलेल्या सुताची परीक्षा मुंबईच्या माटुंगा येथील प्रयोगशाळेत झाली. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने १९२४ साली ही प्रयोगशाळा उभारली होती, आणि तेथील गुलाटी व टर्नर यांनी १९२८ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याहून पुढे जाऊन बलुचिस्तानातील मेहरगढ येथील तांब्याच्या मण्यात अडकलेले कापसाचे तंतू आता इसवी सनापूर्वी सहाव्या सहस्रकाइतके जुने मानले जातात. महाराष्ट्रापुरता पुरावा नेवासे येथील आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तेथे ताम्रपाषाणयुगीन बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिच्यातील दोऱ्याचे अवशेष गुलाटी यांनी तपासले, तेव्हा त्यांत रेशमाबरोबर कापूसही आढळला. तांब्याच्या क्षारांनी तंतू कुजण्यापासून वाचविले, एवढ्यामुळेच ही माहिती आपल्यापर्यंत पोहोचू शकली. गोदावरी-प्रवरेच्या काठी तीन सहस्र वर्षांपूर्वीपासून वापरात असलेले हे सूत अर्थातच अमेरिकन कपाशीचे नव्हते.

बनी हरली कशी

एकोणिसाव्या शतकात वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटची बाजारपेठ तिच्या ‘बनी’ कापसामुळे प्रसिद्ध होती. बनी ही आर्बोरियमचाच एक प्रकार. तिचा तंतू देशी कापसात अपवादानेच आढळेल इतका बारीक व लांब. लोहमार्ग होण्यापूर्वी हा कापूस बैलगाड्यांवरून मुंबईकडे जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरे नाकेबंदीत सापडली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाड-नागपूरकडे वळली. भाव आभाळाला भिडले. १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील भेसळीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच त्या तेजीचे स्वरूप कळते. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत आला, आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल तेथे सुरू झाली.

एवढे सगळे अनुकूल असताना बनी वाढायला हवी होती. प्रत्यक्षात ती मागे हटत गेली आणि तिची जागा जाड, आखूड धाग्याच्या ‘जरी’ने व पुढे पांढऱ्या फुलाच्या ‘रोझियम’ने घेतली. शेतकऱ्याचे अज्ञान हे याचे कारण नव्हे. उलट त्याचा हिशेब अचूक होता. बोंडातून वेचलेल्या कापसातून सरकी काढली, की उरते ती रुई. शंभर किलो कापसातून किती किलो रुई निघते, त्यास उतारा म्हणतात. बनीचा उतारा कमी, रोझियमचा जास्त. समजा, एकीचा उतारा २८ आणि दुसरीचा ३८ आहे. तेवढ्याच कापसातून एका शेतकऱ्याला २८ किलो रुई मिळेल, तर दुसऱ्याला ३८ किलो. पहिल्याचे नुकसान भरून यावयाचे, तर त्याच्या रुईला दुसऱ्याच्या रुईपेक्षा ३५ टक्क्यांहून अधिक भाव मिळाला पाहिजे. बाजार तेवढा फरक देत नव्हता. किंबहुना गाठोड्यात दोन्ही एकत्र होत असल्यामुळे देऊच शकत नव्हता. शिवाय जरी अधिक काटक होती व तिचे पीक अधिक येई. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्यप्रांताच्या शेतीखात्याने स्वतःच रोझियमच्या बियाण्याचा प्रसार केला, आणि जपानी गिरण्या तो आखूड कापूस अमेरिकन कापसात मिसळण्यासाठी विकत घेत होत्या. तंतूच्या गुणाची किंमत शेताच्या बांधापर्यंत पोहोचत नसेल, तर उत्तम तंतूचे झाड शेतातून जाते. कापसाच्या इतिहासात ही गोष्ट पुनःपुन्हा घडलेली दिसते.

मराठवाड्यात मात्र नांदेडकडील ‘गावराणी’ कापसाने आपला बारीक तंतू टिकवून धरला. तो निवडपद्धतीने सुधारण्यात आला, आणि देशी वाणांत त्याचा लौकिक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायम होता.

पाहुणीचा प्रवेश

अमेरिकन कपाशी येथे आणण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या दक्षिण भागातून दहा अनुभवी मळेवाले आणविले व त्यांना निरनिराळ्या प्रांतांत पाठविले. बहुतेक ठिकाणी त्यांच्या पदरी अपयश आले. धारवाडच्या आसपास मात्र न्यू ऑर्लिन्सचे बी रुजले आणि ‘धारवाड-अमेरिकन’ या नावाने बाजारात स्थिरावले. अन्यत्र ते का रुजले नाही, याचे एक कारण तुडतुडे हा पानांतील रस शोषणारा किडा होय. अमेरिकेतून येणाऱ्या पुष्कळ वाणांची पाने गुळगुळीत असत, आणि अशा पानांवर तुडतुड्यांचे फावते. ‘हिर्सूटम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘केसाळ’ असा आहे. पण नाव केसाळ असले तरी सर्व वाण सारखेच केसाळ नसतात. ज्या वाणांच्या पानांवर दाट लव असते त्यांवर तुडतुड्यांना अंडी घालणे अवघड जाते. भारतात टिकलेल्या पुढील अमेरिकन वाणांत केसाळ पानांची निवड मुद्दाम केलेली दिसते.

देशी कपाशी सर्व संकटांतून तरून जात असे, असेही मानू नये. ‘मर’ या बुरशीजन्य रोगाने वऱ्हाडातील देशी पऱ्हाटी उभ्या वाळून जात. अमेरिकन कपाशीला या रोगाची बाधा होत नाही. ‘बुरी’ हा हिर्सूटमचा वाण मध्यप्रांतात पसरला तो मुख्यतः या कारणाने. म्हणजे तंतूच्या लांबीपेक्षा रोगप्रतिकारामुळे अमेरिकन कपाशीला विदर्भात पहिला पाय ठेवता आला.

तिला खरी गती दिली ती फाळणीने. अखंड भारतातील ओलिताखालील अमेरिकन कापूस मुख्यतः पंजाब व सिंधमध्ये पिके, आणि त्याचे सूत काढणाऱ्या गिरण्या मुंबई-अहमदाबादेत होत्या. १९४७ साली शेते एका देशात आणि गिरण्या दुसऱ्या देशात, अशी स्थिती झाली. लांब धाग्याचा कापूस देशातच पिकविणे हे राष्ट्रीय निकडीचे काम होऊन बसले. १९६७ साली अखिल भारतीय समन्वित कापूस सुधार प्रकल्प स्थापन झाला. १९७६ साली नागपूर येथे केंद्रीय कापूस संशोधन संस्था निघाली. या दोहोंच्या मधल्या काळातच कपाशीच्या इतिहासातील एक अपूर्व घटना घडून गेली होती.

१९७० साली सुरत येथील संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा संकरित वाण प्रसृत केला. व्यापारी प्रमाणावर लागवड झालेला जगातील हा पहिला संकरित कापूस होय. संकरित बियाण्यासाठी मादी वाणाच्या प्रत्येक कळीतील पुंकेसर आदल्या संध्याकाळी हाताने काढावे लागतात, आणि दुसऱ्या सकाळी नर वाणाचे पराग तिच्यावर हातानेच लावावे लागतात. इतके मनुष्यबळ अन्य देशांना परवडले नाही, येथे परवडले. कपाशीचे फूल मोठे असते आणि एका बोंडातून पंचवीस-तीस बिया मिळतात, यामुळेही ते साधले. १९८० च्या दशकात नांदेडहून आलेल्या ‘एनएचएच-४४’ने मराठवाडा व विदर्भातील कोरडवाहू शेते व्यापून टाकली. जालना हे बियाणे-उद्योगाचे केंद्र झाले. मात्र संकरित बियाण्याचा एक अंगभूत गुण असा, की त्याच्या पिकातील सरकी पुढच्या वर्षी पेरता येत नाही. पेरल्यास झाडे विषम निघतात. पूर्वी शेतकरी आपल्याच सरकीतून बी राखी. आता दर मृगाला दुकानाची पायरी चढणे भाग पडले.

बीटी आणि शेंदरी बोंडअळी

एच-४ नंतरच्या तीस वर्षांत विषारी फवारण्यांचा खर्च वाढत गेला, आणि हिरव्या बोंडअळीने औषधांना दाद देईनाशी केली. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने जनुक-परिवर्तित बीटी कपाशीच्या लागवडीस अनुमती दिली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूतील एक जनुक या कपाशीत घातलेला असून त्यामुळे झाडाच्या अंगातच अळीला मारक असे प्रथिन तयार होते. २००६ साली दोन जनुकांची कपाशी आली. हिरव्या बोंडअळीपुरता तिचा प्रभाव निर्विवाद होता, आणि थोड्याच वर्षांत महाराष्ट्रातील जवळजवळ सर्व कपाशी बीटी झाली. मर्म येथे आहे, की हे जनुक हिर्सूटमच्या संकरित वाणांतूनच विकले गेले. बीटीचा प्रसार म्हणजे संकरित अमेरिकन कपाशीचा प्रसार, असे त्यामुळे घडले. देशी वाणांना शेतात जागाच उरली नाही.

शेंदरी, म्हणजेच गुलाबी बोंडअळी ही भारतात नवी नव्हे. तिचे शास्त्रीय वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भडोचहून मिळालेल्या नमुन्यांवरूनच प्रथम करण्यात आले. ही अळी फुलात शिरते तेव्हा फूल उमलत नाही, पाकळ्या गुंडाळून राहतात. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात. नंतरच्या पिढ्या बोंडात शिरतात आणि आतील सरकी पोखरतात. बाहेरून बोंड हिरवेगार दिसत असते. फुटल्यावर त्यातून पिवळसर, डागाळलेला, चिकटलेला कापूस निघतो, जो ‘कवडी’ म्हणून निम्म्या भावानेही विकला जात नाही.

ही अळी बीटीला सरावली कशी, याचे एक उत्तर मेंडेलच्या नियमात दडलेले आहे. संकरित झाडात बीटीचे जनुक बहुधा एकाच पालकाकडून आलेले असते. अशा झाडाचे प्रत्येक पान बीटी असते हे खरे. पण त्याच्या बोंडात ज्या बिया तयार होतात त्या पुढच्या पिढीच्या असतात, आणि तेथे जनुकाचे विभाजन होते. एक जनुक असेल तर चारांपैकी एका बीमध्ये विष नसते. दोन जनुके स्वतंत्रपणे विभागली गेली, तर काही बियांत दोन्ही, काहींत एकच, आणि सोळांत एका बीमध्ये एकही नाही, असे प्रमाण पडते. शेंदरी अळी नेमकी बियाच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला कमी-अधिक विषाचे घास मिळतात, आणि थोड्या विषाला तोंड देऊ शकणाऱ्या अळ्या निवडल्या जातात. ज्या देशांत बीटी कपाशी संकरित नसून सरळ वाणांची होती, तेथे बोंडातील सर्व बिया सारख्याच विषारी असत. भारतातील पेच हा जनुकाचा जितका आहे तितकाच संकरित बियाण्याचाही आहे.

दुसरे कारण कालावधीचे. संकरित वाण १८० दिवस वा त्याहून अधिक काळ उभे असतात. ओलिताची सोय असणारे शेतकरी फरदड घेतात, म्हणजे पहिली वेचणी उरकल्यावर पाणी देऊन पीक आणखी दोन-तीन महिने राखतात. या लांबलेल्या हंगामात अळीच्या पिढ्यांमागून पिढ्यांना अन्न मिळत राहते. २००९-१० च्या सुमारास गुजरातमध्ये पहिल्या जनुकाला न जुमानणारी शेंदरी अळी आढळली. काही वर्षांत दुसरेही जनुक निष्प्रभ झाले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीचे प्रचंड नुकसान झाले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणी कमी व्हावी म्हणून जे बियाणे आले, त्याच बियाण्याच्या शेतात हे घडावे, हे दारुण आहे.

हलक्या जमिनीचा प्रश्न

अळी बाजूला ठेवली तरी कोरडवाहू कपाशीचा मूळ प्रश्न उरतोच. विदर्भात जूनच्या उत्तरार्धात पेरणी होते आणि ऑक्टोबरच्या आरंभी पाऊस परततो. लांब मुदतीच्या संकरित वाणांची पुष्कळशी बोंडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरत असतात, म्हणजे तंतूची लांबी वाढण्याचा आणि भिंत जाड होण्याचा काळ जमिनीत उरलेल्या ओलीवर निभवावा लागतो. नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीत ते साधते. माळावरच्या मुरमाड, हातभर खोलीच्या जमिनीत साधत नाही. बोंडे लहान राहतात, तंतू अपक्व निघतो. देशी आर्बोरियमची मुळे अधिक खोल जातात, तिचा हंगाम लवकर आटोपतो, आणि तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींचा तिला फारसा उपद्रव होत नाही. तेव्हा हलक्या जमिनीपुरता तरी तिचा विचार पुन्हा व्हावा, असे मत संशोधकांत बळावत आहे, आणि ते सयुक्तिक दिसते. दुसरा उपाय म्हणजे हिर्सूटमचेच कमी मुदतीचे, आटोपशीर झाडांचे सरळ वाण दाट पेरणे; अकोल्याच्या विद्यापीठाचा ‘रजत’ हा अशा सरळ वाणांपैकी आहे.

देशी कपाशीविरुद्धचा जुना आक्षेप तिच्या आखूड तंतूचा. सामान्य देशी रुईचा तंतू २० मिलिमीटरच्या आसपास आणि जाड असतो. पाणी भराभर शोषून घेणारी म्हणून ती रुग्णालयातील कापसासाठी, आणि चेपल्यावर पुन्हा फुलणारी म्हणून गाद्या-रजयांसाठी मागितली जाते. परभणी येथील कापूस संशोधन केंद्राने या आक्षेपाला प्रयोगाने उत्तर दिले आहे. ‘पीए-२५५’, अर्थात ‘परभणी तुराब’, आणि त्यानंतरचे काही आर्बोरियम वाण यांचा तंतू लांबीने अमेरिकन कपाशीच्या मध्यम व लांब धाग्याच्या तोडीचा आहे. यासाठी हिर्सूटममधील लांबीचा गुण देशी जातीत उतरविण्याचा खटाटोप करावा लागला. २६ आणि ५२ गुणसूत्रांच्या झाडांचा संकर वांझ निपजतो. तो अडथळा ओलांडून, देशी कपाशीशी पुनःपुन्हा संकर करीत, पिढ्यान्‌पिढ्या निवड करूनच ते शक्य झाले.

या वाणांपुढे आता जी अडचण आहे ती तंतूची नव्हे, बोंडाची. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. अमेरिकन कपाशीच्या मोठ्या बोंडांतून एक वेचणारी स्त्री दिवसाकाठी जितका कापूस गोळा करते, तितका देशी कपाशीच्या लहान बोंडांतून तिच्या हाती लागत नाही. शिवाय फुटलेला कापूस लवकर गळत असल्याने वेचणीच्या फेऱ्याही अधिक कराव्या लागतात. मजूर स्त्रिया अशा शेतात जाण्यास नाखूश असतात, किंवा किलोमागे जास्त दर मागतात, आणि तो दर त्यांनी का मागू नये, याला उत्तर नाही. म्हणून बोंडाचे वजन वाढविणे, आणि फुटल्यानंतर कापूस बोंडातच धरून ठेवण्याचा गुण देशी जातीत आणणे, ही देशी कपाशीच्या पैदाशीतील आजची उद्दिष्टे आहेत.